कोऱ्या पत्राचा मायना : असामान्य मूल, विज्ञानकथा आणि वाचकांचा कौल

(धागा)

१. चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतले आणि पहिल्याच शब्दाशी ते थांबले. मायना काय लिहावा? वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने हा मुलगा मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर वय आडवे येते. परंपरा सांगते की चांगदेवांनी अखेर कोराच कागद धाडला. चौदाशे वर्षे जगूनही हे कोरेच राहिले, असे मुक्ताबाई म्हणाल्याची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ आली.

२. ही आख्यायिका चमत्कारांपेक्षा एका सामाजिक पेचामुळे लक्षात राहते. ज्याचे वय आणि बुद्धी यांचा मेळ बसत नाही, अशा मुलाला समाजाने कोणत्या नात्याने हाक मारावी? विसाव्या शतकात हा पेच विज्ञानकथेने पुन्हा उचलला आणि वाचकांत त्यावरून कडाक्याचे मतभेद झाले. प्रस्तुत धागा त्या मतभेदांचा आहे, आणि १९७४ साली महाराष्ट्रात घेतल्या गेलेल्या एका खोट्या नावाचाही.

३. आरंभ इंग्लंडपासून करावा लागतो. १९११ साली जे. डी. बेरेसफर्ड यांची ‘द हॅम्पडनशायर वंडर’ ही कादंबरी आली. एका नामांकित क्रिकेटपटूच्या घरी असामान्य बुद्धीचे मूल जन्मते, कोवळ्या वयात ग्रंथालय वाचून संपवते आणि भोवतालच्या मोठ्यांची सगळी मते त्याला बालिश वाटू लागतात. गावचा धर्मोपदेशक त्याचा द्वेष करतो. शेवटी ते मूल तळ्यात मृतावस्थेत सापडते. युरोपला अशी मुले अपरिचित नव्हती. ल्यूबेक शहरातील ख्रिस्तिआन हाइनेकन (१७२१–१७२५) या बालकाच्या विद्वत्तेच्या कथा तिकडे शतकानुशतके सांगितल्या जात होत्या.

४. १९३५ साली ओलाफ स्टेपलडन यांची ‘ऑड जॉन’ आली. तिच्यात असे मूल एकटे राहत नाही. ते आपल्यासारख्या इतरांना हुडकून काढते आणि ही मंडळी एका बेटावर वेगळी वसाहत उभारतात. जगातील सत्तांना ती सहन होत नाही, आणि शरण जाण्याऐवजी ते सारे बेटासह स्वतःचा नाश करून घेतात. दोन्ही कादंबऱ्यांचा निष्कर्ष एकच आहे : असामान्य मुलाला माणसांच्या जगात जागा नाही. दोन्हींत कथा सांगणारा माणूस प्रौढ आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

५. ही दिशा बदलली ती ऑर्सन स्कॉट कार्ड या अमेरिकन लेखकाने. त्यांची ‘एंडर्स गेम’ ही कथा १९७७ साली ‘अ‍ॅनालॉग’ मासिकात आली आणि १९८५ साली तिची कादंबरी झाली. सहा वर्षांच्या एंडरला सैन्य घरातून उचलून अंतराळातील युद्धशाळेत नेते. त्याला वाटते की आपण खेळ खेळत आहोत. प्रत्यक्षात तो एका परग्रहवासी जातीचा संहार करून बसतो, आणि हे त्याला नंतर कळते. या कादंबरीला नेब्युला आणि ह्यूगो हे विज्ञानकथेतील दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. येथे निवेदन बहुतांशी मुलाच्या मनातून चालते.

६. वाचकांच्या प्रतिक्रिया मात्र दुभंगल्या. १९९१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कार्ड यांनी स्वतःच त्यांचा हिशेब मांडला आहे. बुद्धिमान मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या एका समुपदेशक बाईंनी लिहिले होते की अशी मुले असे बोलतच नाहीत, हे चित्रण खोटे आहे. दुसरीकडे अशाच मुलांच्या एका गटाचे पत्र होते : आम्हाला मनातून नेमके असेच वाटते. एकच पुस्तक, एकच मूल, आणि दोन परस्परविरोधी साक्षी.

७. या दोन साक्षींत खोटे कोण बोलत होते? बहुधा कोणीच नाही. समुपदेशक बाई मुलांचे बोलणे ऐकत होत्या आणि मुले स्वतःचे विचार ऐकत होती. मोठ्यांसमोर मूल जे बोलते आणि एकांतात ते जसा विचार करते, त्यांत अंतर असतेच. कादंबरीने ते अंतर ओलांडले, म्हणून एका बाजूला ती अतिरंजित वाटली आणि दुसऱ्या बाजूला पहिल्यांदाच खरी वाटली. गंभीर आक्षेप वेगळाच होता. कथाकार जॉन केसेल यांनी २००४ मध्ये असा मुद्दा मांडला की एंडरच्या हातून हिंसा घडवूनही लेखक त्याला कायम निर्दोष ठरवत राहतो. बुद्धिमान आणि दुखावलेला म्हणून त्याला सारे माफ, ही शिकवण घातक आहे.

८. याच कादंबरीतील एक उपकथानक या धाग्यासाठी महत्त्वाचे आहे. एंडरचा भाऊ पीटर आणि बहीण व्हॅलेंटाइन हीही असामान्य मुले. जगाच्या राजकारणावर त्यांना लिहायचे आहे. परंतु मुलांचे ऐकणार कोण? म्हणून ती दोघे ‘लॉक’ आणि ‘डेमॉस्थेनिस’ अशी प्रौढ भासणारी टोपणनावे घेऊन संगणकाच्या जाळ्यावर लिहू लागतात, आणि राज्यकर्ते त्यांची मते गांभीर्याने घेतात. मजकूर तोच, नाव झाकले तेव्हा त्याला वाचक मिळाला.

९. या कादंबरीच्या ११ वर्षे आधी महाराष्ट्रात नेमकी उलटी घटना घडली होती. तिच्याकडे वळण्यापूर्वी मराठी विज्ञानकथेची पूर्वपीठिका पाहणे आवश्यक आहे. १९०० साली ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचा मराठी अवतार वाचकांपुढे आला. १९११ मध्ये, म्हणजे बेरेसफर्डच्या कादंबरीच्याच वर्षी, श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही स्वतंत्र विज्ञानकथा प्रसिद्ध झाली. पुढे व्हर्नला मराठी मुलांच्या घरोघरी नेण्याचे श्रेय भा. रा. भागवतांचे.

१०. भागवतांचा एक मानसपुत्र व्हर्नच्या कोणत्याही नायकापेक्षा मराठी मुलांना जवळचा वाटला : बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, मुक्काम फुरसुंगी. हडपसर ओलांडले की सोलापूर रस्त्याच्या एका अंगाला मांजरी आणि दुसऱ्या अंगाला फुरसुंगी. ऊस आणि भाजीपाल्याच्या या पट्ट्यातून एक काटकुळा मुलगा पुण्याच्या शाळेत येतो आणि सायकलवरून साऱ्या शहराला मागे टाकतो. फाफे हा विज्ञानकथेचा नायक नव्हे. तरी ‘हुशार मूल’ म्हणजे काय, याचे मराठी वाचकाच्या मनातील चित्र त्याने घडवले.

११. एंडर आणि फाफे शेजारी ठेवले की फरक स्पष्ट होतो. एंडरची बुद्धी त्याला एकटे पाडते. मोठी माणसे मुद्दाम त्याला एकटे पाडतात, कारण एकाकी मूल चांगले शस्त्र बनते. फाफेची बुद्धी मात्र सवंगड्यांत खुलते. तो संकटात उडी घेतो ती कोणी निवडले म्हणून नव्हे, तर गप्प बसवत नाही म्हणून. त्याला मायन्याची अडचण कधीच आली नाही. तो सगळ्यांचा ‘अरे’च राहिला, आणि तरीही त्याचे म्हणणे खरे ठरत गेले.

१२. आता कल्पिताकडून वास्तवाकडे. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेले जयंत विष्णू नारळीकर वाढले बनारसला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात भिंतीवर फळे लावलेले होते. मामा मोरेश्वर हुजूरबाजार तेथे राहायला आले, तेव्हा ते फळ्यावर एखादे अवघड गणित लिहीत आणि वर ‘ज. वि. ना. यांस आव्हान’ अशा अर्थाचे शीर्षक देत. गणित सुटेपर्यंत, किंवा भाच्याने हार मान्य करीपर्यंत, ते पुसले जात नसे.

१३. चांगदेवांचा पेच या मामांनी किती सहज सोडवला होता! फळ्यावर ना ‘चिरंजीव’ होते ना ‘तीर्थरूप’. होती ती केवळ आद्याक्षरे, एखाद्या समकालीन गणितज्ञाला उद्देशून लिहावीत तशी. कौतुक नाही, दया नाही, वयाची सवलत नाही. समोर प्रश्न ठेवायचा आणि उत्तराची वाट पाहायची. असामान्य मुलाशी वागण्याची याहून निरोगी रीत क्वचितच सापडेल. त्यात मुलाला हरण्याचाही अधिकार होता, आणि एंडरला नेमका तोच नाकारला गेला होता.

१४. केंब्रिजमध्ये नारळीकरांनी गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत यश मिळवले आणि फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ साली डॉक्टरेट पूर्ण केली. हॉइल स्वतः विज्ञानकथाकार होते; त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ ची. १९६४ साली हॉइल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धान्त जाहीर झाला आणि भारतभर या तरुणाचे नाव गाजले. १९६५ मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. चौथी-सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षांना बसणाऱ्या मराठी मुलांपुढे ‘नारळीकर हो’ हा आशीर्वादही होता आणि धाकही.

१५. १९७२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. अहमदाबादला एका परिसंवादात कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना नारळीकरांनी हातातल्या कागदावर कथा लिहायला घेतली, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. कृष्णविवराच्या परिसरात काळाची गती बदलते, या भौतिकीतील सिद्धान्ताभोवती ती गुंफलेली होती. शीर्षक होते ‘कृष्णविवर’.

१६. कथा झाली, प्रश्न नावाचा होता. नारळीकर या नावाने कथा पाठवली तर परीक्षक कथा वाचतील की नाव? म्हणून आद्याक्षरांचा क्रम उलटा करून ‘नारायण विनायक जगताप’ हे टोपणनाव जन्मास आले. परिषदेतील मंडळी हस्ताक्षर ओळखतील, ही शंका होतीच. त्यामुळे गणितज्ञ असलेल्या त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांनी कथा आपल्या अक्षरात उतरवून दिली. जगतापांच्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले.

१७. पीटर आणि व्हॅलेंटाइन यांनी नाव लपवले, कारण त्यांच्या नावाला वजन नव्हते. नारळीकरांनी नाव लपवले, कारण त्यांच्या नावाला फार वजन होते. दोन्हीकडे भीती एकच : वाचक मजकुरापर्यंत पोहोचणारच नाही, मायन्याशीच थांबेल. लहानपणी ज्याच्याविषयी मोठ्यांनी मत बनवून टाकलेले असते, त्या मुलाला तुच्छता आणि स्तुती या दोन्हींत एक समान गोष्ट जाणवते. दोन्हींत त्याने केलेले काम कोणी पाहत नाही.

१८. टोपणनावामागचा माणूस उघड झाल्यावर मासिकांचे दरवाजे उघडले. मुकुंदराव किर्लोस्कर यांनी त्यांच्याकडून आणखी कथांचा आग्रह धरला. १९७५ चे कऱ्हाडचे साहित्य संमेलन आणीबाणीच्या सावटात, अध्यक्ष दुर्गा भागवत यांच्या निर्भीड भूमिकेमुळे इतिहासात नोंदले गेले. त्याच अध्यक्षीय भाषणात दुर्गाबाईंनी या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली होती, हे तुलनेने कमी जणांच्या स्मरणात आहे. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा नारळीकरांचा कथासंग्रह आला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रवाह रुंद केला.

१९. तरीही वाचकांचा कौल एकमुखी नव्हता. साहित्याच्या अंगाने वाचणाऱ्यांची तक्रार अशी की या कथांत माहितीचे ओझे अधिक, पात्रे सपाट, माणसे सिद्धान्त समजावून सांगण्यापुरती येतात. विज्ञानप्रसार हा आपला एक हेतू आहे, हे नारळीकरांनी कधी लपवले नाही, त्यामुळे आक्षेपाला बळच मिळाले. ही तक्रार खोडून काढण्यासारखी नाही. अनेक कथांना ती लागू पडते. परंतु शाळकरी वाचकाला त्या कथांत वेगळेच मिळत होते. मराठी नावाची माणसे, आपल्याच भाषेत, विश्वाच्या उत्पत्तीबद्दल वाद घालत आहेत, हे दृश्य त्याने पूर्वी पाहिलेले नव्हते.

२०. ‘प्रेषित’ ही नारळीकरांची कादंबरी या विषयाच्या थेट केंद्रस्थानी येते. दूरच्या संस्कृतीशी संपर्क आणि माणसांत वाढलेला, पण मुळात पृथ्वीवरचा नसलेला विलक्षण बुद्धीचा मुलगा, हे तिचे सूत्र. पुढे ती ‘द मेसेज फ्रॉम अ‍ॅरिस्टार्कस’ या नावाने इंग्रजीतही गेली. मराठी शीर्षकात दुहेरी अर्थ आहे. प्रेषित म्हणजे देवदूत, आणि प्रेषित म्हणजे नुसता पाठवलेला. पहिल्या अर्थाने लोक त्याच्यापुढे हात जोडतील. दुसऱ्या अर्थाने प्रश्न उरतो : पाठवले कोणी, कशासाठी, आणि त्या मुलाला कोणी विचारले होते का?

२१. हा प्रश्न कल्पित राहिला नव्हता. १९६२ साली पुण्यात मानसशास्त्रज्ञ अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. १९६९ मध्ये बुद्धिमान मुलांसाठी आणि १९७५ मध्ये मुलींसाठी प्रशाला निघाली. चाचण्यांनी मुले निवडायची आणि त्यांच्या बुद्धीला समाजकार्याची जोड द्यायची, हे सूत्र. बुद्धी ही समाजाची ठेव आहे, तिची परतफेड व्हावी, असा विचार त्यामागे होता. समर्थकांना त्यात संस्कार दिसला. साशंक मंडळींनी विचारले की दहा-अकरा वर्षांच्या मुलावर ‘निवडलेला’ हा शिक्का मारला तर तो आयुष्यभर त्या शिक्क्याशीच झुंजत राहणार नाही का?

२२. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. एंडरलाही निवडले गेले होते आणि त्याच्या बुद्धीलाही ‘मानवजातीचे ऋण’ म्हणूनच मोजले गेले. फरक एवढाच, की त्याला हेतू सांगितला नव्हता. जी निवड मुलाला आपला उद्देश उघड सांगते आणि नकाराला जागा ठेवते ती शिक्षण ठरते. जी खेळ म्हणून युद्ध लढवते ती फसवणूक. असामान्य मुलाविषयीच्या कादंबऱ्यांवरील वाचकांचे सारे वाद शेवटी याच रेषेपाशी येऊन ठेपतात.

२३. साहित्याच्या दरबारात विज्ञानकथेला मिळालेल्या जागेचा एक टप्पा जानेवारी २०२१ मध्ये दिसला. १२ तारखेच्या पहाटे मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविड लशीचे पहिले ट्रक पुणे विमानतळाकडे निघाले. त्याच महिन्यात नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी नारळीकरांची निवड झाली. कऱ्हाडच्या त्या उल्लेखाला तोवर ४५ वर्षे झाली होती. महासाथीमुळे संमेलन डिसेंबरवर गेले आणि प्रकृतीमुळे अध्यक्षांना प्रत्यक्ष उपस्थित राहता आले नाही. फाफेच्या शेजारगावातून विज्ञान देशभर निघाले होते; विज्ञानकथेला मात्र अध्यक्षपदापर्यंत यायला जवळपास अर्धे शतक लागले.

२४. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. त्यांच्याविषयी अनेकांनी एक आठवण सांगितली. मुले स्वाक्षरी मागायला आली की ते कोऱ्या वहीवर सही करण्याऐवजी सांगत : पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तर मिळेल आणि खाली सहीही असेल. अशी असंख्य उत्तरे त्यांच्या हातून गेली. १९७४ साली ज्यांनी आपले नाव लपवून कथेला वाचक मिळवून दिला, त्यांनी पुढे प्रश्न आल्याखेरीज आपले नाव कोणाला दिले नाही. मुलाचे वय, शाळा, गुण यांपैकी काहीही त्यासाठी लागत नव्हते. चांगदेवांचे पत्र मायन्यापाशी अडले होते. या पोस्टकार्डांना मायना काहीही चालत असे, प्रश्न तेवढा खरा हवा होता.

(धागा समाप्त)